नववी ताटली

"आणि उद्या तो गेलाच नाही तर?"

कमालबाबांनी मांडीवरच्या कोटाच्या भोकात बोट घातलं.

"बाबा, मी तुम्हाला विचारतेय. एकोणीस झाले, चौदा राहिलेत. मधेच सोडलं तर आतापर्यंतचं सगळं भाजणं वाया जातं. आणि तो सोडतो म्हणतोय."

"हूं."

"नुसतं हूं काय करता हो!"

शब्द तोंडातून निसटला आणि यामिनी स्वतःच दचकली. या माणसाशी अशा आवाजात ती उभ्या आयुष्यात बोलली नव्हती. पण गेले चार दिवस तिला झोप नव्हती, आणि भीती एकदा पोटात शिरली की ती माणसाला रीतभात विसरायला लावते.

कमालबाबांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी मांडीवरचा कोट जरा उजेडाकडे सरकवला आणि पुन्हा खाली पाहिलं.

डोंगराच्या पायथ्याशी त्यांची तकिया, फकिराचं ठाणं. एक कबर, तिच्यावर हिरवी चादर, एक मोठा निंब, निंबाखाली दगडी ओटा, पाण्याचा रांजण. बाबा फकीर, पण हातानं रफूगर. शहरातल्या जुन्या घरांतली शाल फाटली, लोकरीचा कोट कुठं भोकानं उघडा पडला, की तो इथं येई. आणि भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये असा होऊन परत जाई. आता नजर मंदावली होती, बोटं थरथरत होती. कोट तीन दिवसांपासून तसाच मांडीवर होता.

यामिनीचे वडील, आप्पा, याच गावात पोस्टमास्तर होते. शाळा सुटली की ती या ओट्यावर येऊन बसे. चार वर्षं बसली. पुढे ती डॉ. यामिनी कंधारकर झाली, पुण्यात मोठी प्रयोगशाळा, हाताखाली सोळा माणसं. भाषणांत ती आवर्जून सांगे, "माझा हात लहानपणी एका कारागिराकडे तयार झाला." टाळ्या पडत. कारागिराचं नाव तिला कधी कुणी विचारलं नाही, आणि तिनंही आपणहून सांगितलं नाही. अकरा वर्षांनी ती आज इथं आली होती, तीही काम पडलं म्हणून.

निंबापलीकडे गाडी उभी होती. मागच्या सीटवर तिचा धाकटा भाऊ मुकुंद होता.

मुकुंद जालन्याच्या मोसंबी बाजारात सौदे पुकारायचा. भल्या सकाळी ढिगावर उभा राहून त्यानं पहिली हाक दिली की अख्ख्या आवारात ऐकू जाई. रस्त्यावरचे टेम्पोवाले त्या आवाजावर चहाची वेळ ठरवत. त्याच्याच जिभेच्या कडेला गाठ निघाली. आता रोज किरणांचा शेक. दवाखान्यात त्याला नुसतं 'लाईट घेणं' म्हणतात, जणू काही बिल भरायला निघालोय. एकोणीस लाइटांत तोंड आतून सोलून निघालं होतं. पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांतून पाणी येई. बोलणं तर बंदच. गळ्यात दोरीनं एक वही बांधली होती आणि वहीला पेन्सिल.

मार्चचं ऊन तापलं होतं, तरी त्याला थंडी वाजत होती. आप्पांची जुनी शाल त्यानं गच्च लपेटून घेतली होती.

त्या सकाळी ती पुण्याहून त्याच्या घरी पोचली तेव्हा त्यानं दोन कागद फाडून बहिणीच्या हातात दिले होते. पहिल्यावर होतं : 'अक्का, उद्यापासून नाही.'

दुसऱ्यावर : 'उंदरांना देतेस. मला नाही?'

त्या दुसऱ्या कागदानं तिला इथवर पळवत आणलं होतं.

"त्यात काय हाय?" बाबांनी हनुवटीनं तिच्या मांडीवरच्या थर्मासकडे दाखवलं. आल्यापासून तिनं तो खाली ठेवला नव्हता.

"बर्फ. आणि बर्फात एक कुपी. औषध आहे, बाबा. मी शोधलेलं."

एवढ्या भीतीतही 'मी शोधलेलं' म्हणताना तिचा आवाज जरा उंचावलाच.

"सांग."

"अंगातल्या प्रत्येक पेशीत एक धागा असतो. तुमच्या सुईच्या टोकावर असे कितीतरी..."

"धागा हाय. फुडं बोल."

"किरणं तो धागा तोडतात. गाठीतला तुटला की गाठ मरते. तेच तर हवंय. पण शेजारचा चांगलाही तुटतो. तोंड सोलून निघतं ते त्यामुळे. मग पेशीच्या आतच रफूगर असतात..."

बाबा हसले. समोरचे तीन दात दिसले. "तिथं बी?"

"तिथंही. धागा तुटला की धावत येतात, टोकं हुडकतात, जोडतात. पण इतकं तुटलं की त्यांची संख्या पुरत नाही. माझं औषध त्यांना हाक मारतं. अगदी इवलासा रेणू आहे, पण हाक मुकुंदासारखी." तिनं गाडीकडे एकदा पाहिलं. "उंदरांची तोंडं तीन दिवसांत भरून आली, बाबा. तीन दिवसांत ते दाणे फोडायला लागले."

"मानसाला दिली?"

"अजून कुणालाच नाही. रीतसर जायचं तर आणखी चार-पाच वर्षं."

"अन् मुकुंदाला?"

"त्याच्याकडे चौदा दिवस आहेत. तेही तो गेला तर."

बाबांनी कोटाची घडी घातली. शांतपणे, बाहीवर बाही ठेवून.

"मंग दे," ते म्हणाले.

यामिनी बघतच राहिली. ते नको म्हणतील, असं धरून ती आली होती. नको म्हटल्यावर काय काय बोलायचं ते तिनं गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं : तुम्हाला काय कळतंय त्यातलं, तुमचा भाऊ असता तर, देवावर सोडायला मला वेळ नाही. एकही वाक्य कामाला येईना.

"दे की. भाऊ हितं, दवा हितं. पानी पायजे तर रांजनात हाय."

ती उठली नाही.

निंबावर कावळा बसला होता, तो उडाला. गाडीतून मुकुंदाच्या खाकरण्याचा आवाज आला, खोल, ओला. खाकरून झाल्यावर तो बराच वेळ कण्हत राहिला. यामिनीनं थर्मास आणखी घट्ट धरला.

"बेटी... मंग माझ्याकडं कामून आलीस?"

तिला भीती वाटत होती, आणि ती एका बाजूची नव्हती. औषध दिलं नाही तर भाऊ जाईल. दिलं तर... त्या 'तर'च्या पुढे ती जातच नव्हती. तिथं एक बंद दार होतं आणि दाराआड काहीतरी हलत होतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"त्याच्या अंगावर काय हाय?"

"शाल. आप्पांची. रिटायर झाले तेव्हा गावानं दिली होती ना, ती."

"मीच पारखून आनली व्हती. घेऊन ये. त्याला बी आन."

मुकुंद हळूहळू चालत आला. ओट्यावर टेकला. बाबांच्या पायांना त्यानं हात लावला तेव्हा त्याचं मनगट बाबांनी क्षणभर धरून ठेवलं. त्याच्या मानेची कातडी काळी पडली होती, एका बाजूला सोललेली. बाबांनी ती पाहिली.

शाल अंगावरून काढताना मुकुंद थरथरला. यामिनीनं आपली ओढणी त्याच्या खांद्यावर टाकली.

बाबांनी डोळे मिटून शालीवरून बोटं फिरवली. खांद्याशी एक भोक, चांगलं चार बोटांचं. पदराशी दोन बारकी.

"माझी बोटं आता ऐकत न्हाईत," ते म्हणाले आणि सुई तिच्यापुढे धरली. "तू कर."

"आत्ता? बाबा, मला वेळ..."

"तुला लय वेळ हाय. तासभर झाला नुसती बसलीस."

तिनं थर्मास ओट्याच्या टोकाला, सावलीत ठेवला आणि सुई घेतली.

शालीच्या दुमडलेल्या काठातून, आतल्या बाजूनं, तिनं एक धागा ओढून काढला. रफूला धागा बाहेरचा चालत नाही. त्याच कापडाच्या पोटातून घ्यावा लागतो. पहिले दोन टाके वाकडे गेले. तिसऱ्यापासून बोटांना सगळं आठवलं. आधी उभे धागे, भोकाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मग आडवा, एकावरून, एकाखालून, एकावरून, एकाखालून. विणीतली नक्षी जिथं तुटली होती तिथं ती वळणासह उचलून घेतली. अर्धा-पाऊण तास तिच्या पोटात भीती नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं श्वास पुरा घेतला असेल.

शेवटचा धागा आत दाबून तिनं शाल बाबांपुढे धरली.

बाबांचा अंगठा खांद्यावरून फिरला. गेला, परत आला, पुन्हा गेला. भोक सापडेना.

"वा!" बाबा म्हणाले.

चार वर्षांत त्यांनी तिला दोनदाच वा म्हटलं होतं. पुण्यातल्या कपाटात तिची कितीतरी सन्मानचिन्हं काचेत मांडली होती, त्यांतलं एकही या शब्दाच्या तोडीचं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घालू त्याच्या अंगावर? थंडी वाजतेय त्याला."

"थांब."

बाबांनी भिंतीशी टेकवलेली वेताची छडी घेतली. मुकुंदाला खूण केली. मुकुंदानं वहीतलं एक कोरं पान फाडून ओट्यावर पसरलं. बाबांनी शाल त्या पानावर धरली आणि छडीनं मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

धूळ उडाली. पानावर थोडा काडीकचरा पडला, लोकरीचे कण पडले, आणि तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी पडलं.

तिघंही वाकून बघत होते.

त्यातली एक कणी हलली.

ती लांब झाली, आखूड झाली, पुन्हा लांब झाली. डोकं वर काढून तिनं इकडं तिकडं केलं आणि पानाच्या कडेकडे, सावलीकडे, चालू लागली. मागून दुसरी निघाली.

"कसर," बाबा म्हणाले.

लोकर खाणारी ही अळी. शालीच्या घडीत बसते, दिसत नाही, आवाज करत नाही. पेटी उघडावी तेव्हा चाळण झालेली असते. यामिनीला हे कुणी सांगायला नको होतं.

"मी हिच्यावर रफू केलं..." ती म्हणाली.

"झकास केलं. तिला खायला नवी जागा झाली."

"बाबा!"

"तुला हितं पयल्या वर्षी काय शिकवलं व्हतं?"

"सुई नव्हती दिली तुम्ही. वर्षभर नुसत्या शाली झटकायला लावल्या."

"तू रडायचीस."

"रडायचे."

"अन् आज?"

"विसरले."

"झूट. घाई व्हती."

यामिनी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते पानावरच्या अळीकडे बघत होते. बोटानं त्यांनी तिला हळूच मागे ढकललं. ती वळून पुन्हा त्याच कडेकडे निघाली.

"तुझी दवा झटकून बघितलीस?"

"बघितली."

"काय पडलं?"

यामिनी पानावरची लोकर बोटानं गोळा करू लागली.

"बेटी, काय पडलं?"

मुकुंद वहीवर हात ठेवून बहिणीकडे बघत होता. यामिनीच्या मनात आलं, याला गाडीत पाठवावं, मग बोलावं. पण तोंड उघडायच्या आतच तिला कळलं की हे त्याच्या पाठीमागे बोलायचं असतं तर तिनं ते आधीच कुणाशीतरी बोलून टाकलं असतं.

"ताटल्या असतात," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाबांना पुढं वाकावं लागलं. "चपट्या. त्यात पेशी वाढवतो आम्ही. ह्याच्यासारख्याच गाठीच्या पेशी... जिभेच्याच. नऊ ताटल्या घेतल्या. किरणं दिली, मग औषध दिलं. गाठ मरायला हवी, औषधानं ती वाचायला नको, हे बघायचं होतं. आठ ताटल्यांत मेल्या सगळ्या."

"अन् नवव्या?"

"नवव्या ताटलीत सकाळी बघितलं तर जिवंत होत्या. मला वाटलं, माझाच हात चुकला. किरणं कमी पडली असतील, नाहीतर कशाचा थेंब कशात गेला असेल. म्हणून एक दिवस तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी..."

"बोल."

"दुसऱ्या दिवशी दुप्पट झाल्या होत्या, बाबा. दुप्पट. एकमेकींवर चढलेल्या, तजेलदार. माझ्या औषधाची हाक त्यांच्या रफूगरांनीही ऐकली. मी ती ताटली फेकून दिली. वहीत लिहिलं, नववी सांडली."

ते बंद दार उघडलं. आत काय हलत होतं ते तिघांनाही दिसलं.

"तेव्हापासून डोळे मिटले की तीच ताटली दिसते," ती म्हणाली. "ह्याच्या तोंडात दिसते."

मुकुंदानं पेन्सिल उचलली. अक्षरं मोठमोठी आणि तिरपी आली. पान फाडून त्यानं तिच्यापुढे धरलं.

तिनं ते मनातच वाचलं.

"वाच," बाबा म्हणाले. "मला तुमची अक्षरं येत न्हाईत."

"'तरी देणार होतीस?'"

बाबा वाट बघत राहिले. मुकुंदही.

"हो," यामिनी म्हणाली. मग मान हलवली. "नाही. मला माहीत नाही रे. तुझं ते कण्हणं ऐकलं की वाटतं द्यावं. ती ताटली दिसली की हात गार पडतात. माहीत असतं तर मी इथं आले असते का?"

मुकुंदाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो घाबरला होता, लहानपणी विहिरीत डोकावून मागे सरायचा तसा. त्यानं खांद्यावरची ओढणी गळ्याशी गोळा केली.

बाबांनी कात्री पुढे केली.

"उसव."

"पण बाबा, अळी काढली की राहू दे ना. एवढं चांगलं..."

"आत आनखी हायत. उसव."

तिनं उसवलं. जुळवताना पाऊण तास लागला होता, उसवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. भोक पुन्हा उघडं पडलं, पहिल्यापेक्षा जरा मोठंच.

"आता उन्हात घाल. त्या दगडावर."

निंबाच्या सावलीबाहेर एक सपाट काळा दगड होता. हात लावला तर चटका बसावा इतका तापला होता. यामिनीनं शाल त्यावर पसरली.

"किती वेळ, बाबा?"

"कसर मरंस्तोवर."

"रंग जाईल. आधीच विरलीये, या उन्हात धागे कडक होऊन तुटतील."

"तुटतील."

"मग राहील काय?"

"जे ऱ्हाईल ते आपलं. त्याला सुई लावू." बाबांनी सुई आपल्या टोपीच्या काठात खोचली. "सुई फेकायची नसती बेटी. ठेवायची. तुझी बी ठेव. त्या ताटल्या आनखी नऊ कर, आनखी नव्वद कर. पन आज ऊन हाय. आज सुई न्हाई."

यामिनी सावलीत परत यायला निघाली.

"कुठं चाललीस? पलट तिला."

कसर उन्हात मरते खरी, पण तीही काही खुळी नसते. वरून ऊन लागलं की ती शालीच्या खालच्या अंगाला, दगड आणि कापडाच्या फटीत, सावलीला पळते. म्हणून शाल उन्हात टाकून भागत नाही. जवळ बसून घडोघडी उलटावी लागते. यामिनी उकिडवी बसली. तिनं शाल उलटली. खालून तीन अळ्या उघड्या पडल्या आणि वळवळल्या. पाच-सात मिनिटांनी तिनं पुन्हा उलटली.

डोक्यावर ऊन होतं. घाम कानामागून वाहत होता. मुकुंद निंबाच्या सावलीच्या काठापर्यंत सरकला आणि त्यानं शालीचं एक टोक हातात धरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

"मान उन्हात आणू नकोस," ती म्हणाली. "सोललेल्या कातडीला चालत नाही ते."

त्यानं मान आत घेतली. टोक सोडलं नाही.

बाबा ओट्यावरूनच म्हणाले, "बेटा मुकुंदा, तिथं शेक घेताना तुला लय दुखतं?"

मुकुंदानं मोकळ्या हातानं लिहायला सुरुवात केली. बराच वेळ लिहीत होता. यामिनीनं मोठ्यानं वाचलं.

"'तेव्हा दुखत नाही. दुखतं घरी आल्यावर. तिथं वेगळंच. तोंडावर जाळीचा मुखवटा घालतात आणि तो टेबलाला खिळवतात, मान हलू नये म्हणून. मग सगळे बाहेर पळतात. दार बंद होतं, जाड लोखंडाचं. वर लाल दिवा. मला ओरडता येत नाही. बाहेर कुणी आहे का नाही ते कळत नाही.'"

वाऱ्यानं शालीची कड उचलली. मुकुंदानं ती दाबली.

"बाहीर कोन असतं?" बाबांनी विचारलं.

मुकुंदानं दोन शब्द लिहिले. तिनं वाचले : "'सुलभा. कधीकधी.'" मग भावाच्या वतीनं सांगावं तशी ती घाईघाईनं म्हणाली, "त्याची बायको. तिची शाळेची नोकरी आहे, रोज नाही जमत. रिक्षावाला ओळखीचा आहे, तो नेतो-आणतो."

"अन् ही?"

मुकुंदानं पेन्सिल वहीवर टेकवली. लिहिलं काही नाही. टोक नुसतं कागदावर ठेवून तो खाली बघत राहिला.

"मी प्रयोगशाळेत असते, बाबा," यामिनी म्हणाली. "रात्रंदिवस. ह्याच्यासाठीच तर..."

बाबा हूं म्हणाले नाहीत.

"पहिल्या दिवशी गेले होते," ती म्हणाली. "फाटकापर्यंत. आत नाही जाववलं. किरणांनी आत काय काय तुटतं ते मला दिसतं हो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. मला वाटलं, आपण बसून काय करणार? त्यापेक्षा काहीतरी शोधून आणू."

तिनं शाल उलटली. या खेपेला एकच अळी निघाली. निळा रंग खांद्यापाशी फिकट पडू लागला होता. मुकुंदानंही ते पाहिलं आणि बोटानं ती जागा हळूच चाचपली.

असा बराच वेळ गेला. शाल पाच वेळा उलटून झाली, सहा वेळा झाली. निंबाची सावली बोट बोट सरकत ओट्याच्या टोकापासून मागे हटली, आणि थर्मास उन्हात आला.

यामिनीचं लक्ष गेलं. झाकण नीट बसलं नव्हतं. निघताना बर्फ भरून घाईत तिनं ते अर्धवटच फिरवलं होतं. कडेनं पाणी पाझरून ओट्याच्या दगडावर काळा ओघळ उतरला होता. आतला बर्फ संपला की कुपी तासाभरात निकामी होणार. तशी कुपी पुन्हा बनवायला तीन आठवडे.

ती उठली. गुडघे आखडले होते.

"कुठं?"

"बर्फ विरघळतोय, बाबा. तुमच्या खोलीत थंडाव्याला ठेवून येते. आलेच, दोन मिनिटांत."

मुकुंदानं मान वर केली. शालीचं टोक त्याच्या मुठीत होतं. तो बहिणीकडे बघत होता. मागं दगडावर, शालीच्या कडेखालून, एक अळी हळूच सावलीकडे निघाली होती.

"शाल उन्हात घातली," बाबा म्हणाले, "की आपन घरात जायचं नसतं, बेटी."